लाल ठिपका

छातीतली गाठ फुटून पू यायला लागला, तेव्हा डॉक्टर म्हणाले, "कदाचित टीबी असेल. तुकडा तपासू."

घरी पोचेपर्यंत त्यातलं 'कदाचित' गळून पडलं होतं. सासूबाईंनी माझ्या ताटाच्या काठाला लाल नेलपॉलिशचा ठिपका दिला. "घरात लहान पोर आहे, सुवर्णा. तुझं तू वेगळं घास." नवरा उशी घेऊन बाहेरच्या खोलीत गेला.

आज रिपोर्ट आला. टीबी नाही, कॅन्सर नाही. नुसती सूज, कुणाला न लागणारी.

सासूबाईंनी ठिपका खरवडून काढला. "ये, बस आमच्यात." नवऱ्यानं स्वतःच्या ताटातला घास माझ्यापुढे धरला.

त्याचा हात मी बाजूला सारला.

मी नेलपॉलिश आणलं. दोघांच्याही ताटांना ठिपके दिले.

"तुमची तुम्ही वेगळी घासा."