मीटिंग चालू आहे

घराला लागूनच भावेशच्या वडिलांची, दाजींची, खडखडणाऱ्या लूमची, म्हणजे यंत्रमागांची, शेड. भावेशनं कानाला हेडफोन लावला, की दाजी खिडकीतून कारागिरांवर ओरडायचे, "बंद करो रे, भावेश का मीटिंग है!" मग नारपोलीच्या त्या गल्लीत इंजिनियर मुलाचं इंग्रजी तेवढं ऐकू यायचं. जावा बरी की पायथॉन, यावर तो बोलत सुटायचा. तेही संपलं, की रविवारी खाडीवर गळ टाकून बसायचा आपला छंद रंगवून सांगायचा. दाजींना त्यातलं अक्षर कळत नसे, पण ऊर भरून यायचा.

आज हेडफोन काढला तरी शेड गप्पच.

"दाजी, मीटिंग संपली. लूम लावा."

"कंचे लूम? भंगारवाल्यानी नेले सगले," दाजी हसत म्हणाले. "आता दिवसभर बोल बिनघोर. तुजे नोकरीपरीस लूम मोठे हायेत काय?"

भावेशनं स्क्रीनकडे पाहिलं. दिवाळीत नोकरी गेल्यापासून तिथं कोणीच नव्हतं. त्यानं हेडफोन परत चढवला आणि दाजींना जे सांगायला हवं होतं, ते सगळं खरं खरं इंग्रजीत सांगून टाकलं.

दारात उभे राहून दाजी कौतुकानं ऐकत होते.