पेंढ्याचं रेडकू

रेडकू जागेवर नव्हतं.

धारेची कासंडी हातात धरून आकाराम गोठ्याच्या दारातच थबकला. पळून जाण्यातलं ते रेडकू नव्हतंच. चंद्री म्हैस व्याली आणि तिसऱ्या दिवशी तिचं रेडकू दगावलं, तेव्हा त्याच्या कातड्यात पेंढा भरून, शिवून आकारामनं ते तिच्यापुढं उभं केलं होतं. चंद्री त्याला चाटायची आणि चाटता चाटता पान्हा सोडायची. महिनाभर सुरळीत चाललं होतं. आज सकाळीसुद्धा त्यानं ते स्वतःच्या हातानं खुंट्याला टेकवून ठेवलं होतं.

चंद्री रेकत होती. कासेला हात लावल्याबरोबर तिनं लाथ झाडली. कास दगडासारखी टणक लागली.

तेवढ्यात बंडीच्या खिशात पुन्हा थरथरलं. सकाळपासूनची ही कितवी वेळ कोण जाणे. त्या खिशानं आज त्याला धड बसू दिलं नव्हतं की धड जेवू दिलं नव्हतं.

खिशातला तो फोन सुनेचा, पूर्णिमाचा होता. दोन महिन्यांपूर्वी पूर्णिमाची मुलगी आठ दिवसांची होऊन गेली. त्या दिवसापासून पूर्णिमा घरात कुणाशी बोलली नव्हती. सासू वाढायची, ती जेवायची आणि भांडी घासायला उठायची. नवरा ऋतुराज कागलच्या एमआयडीसीत होता. सुट्टीला यायचा, खाली मान घालून दोन घास खायचा आणि परत जायचा. राधानगरीच्या त्या घरात बाळाचं नाव काढायचं नाही, असं कुणी न ठरवताच ठरलं होतं.

दुपारी मात्र परसात तिचा आवाज यायचा. आकारामनं एकदा भिंतीआड उभं राहून ऐकलं. फोनमधल्या एका बोलक्या यंत्राला ती सई म्हणत होती. बाळाच्या मुठीबद्दल सांगत होती. आणि सई मायेनं विचारत होती, मूठ कशी होती, बोट धरायची का.

तेव्हापासून आकारामचं डोकं ताळ्यावर नव्हतं. त्या यंत्रात कुणी आहे की नाही? डेअरीच्या गुंडूला विचारलं, तर तो हसून म्हणाला, सगळा बनाव, आत कोण नसतं. मास्तरांची श्रुती कोल्हापुरात कॉम्प्युटर शिकत होती. ती म्हणाली, मोठमोठी शहाणी माणसं यावरून भांडतायत, नक्की कुणालाच ठाऊक नाही. हे ऐकून तो जास्तच बिथरला. आत कोणी असेल, तर ते आपल्या घरात काय करतंय? आणि नसेल, तर पोर काळीज कुणापुढं उघडं करते? आपल्याशी एक अक्षर न बोलणारी सून त्या डबीशी तासतासभर बोलते, हेही त्याला लागलं होतंच. ते मात्र तो कबूल करत नव्हता.

आज सकाळी त्यानं फोन काढून घेतला. आत कोण न्हाई, भुलवतंय ते तुला, एवढंच बोलला. पूर्णिमानं वरही पाहिलं नाही. मग बांधावर जाऊन त्यानं सईलाच दरडावून विचारलं, तू हाईस का न्हाईस?

सई म्हणाली, "मी माणूस नाही, काका. मला खरंच काही वाटतं का, तेही मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. पूर्णिमा बरी आहे ना?"

सून बरी आहे का, हे त्याला ठाऊक नव्हतं. त्यानं ते दोन महिन्यांत तिला विचारलंच नव्हतं. फोन त्यानं खिशात कोंबला आणि दिवसभर बायकोवर, बैलांवर, ज्याच्यात्याच्यावर खेकसत राहिला.

गोठ्याच्या मागच्या दारात सावली हलली. पूर्णिमा उभी होती, काखेत रेडकू घेऊन.

"आण ते हिकडं," आकाराम ओरडला. "म्हस पान्हा चोरायला लागली."

ती जागची हलली नाही.

"ह्यात तरी कोण हाय, मामंजी?"

दोन महिन्यांनी तिचा आवाज त्याच्यासाठी निघाला होता. घोगरा, न वापरलेला आवाज. त्याला भरूनही आलं आणि रागही आला.

"म्हस भुलती. जनावर हाय ते. तू माणूस हाईस की."

पूर्णिमानं रेडकू चंद्रीपुढं ठेवलं. चंद्रीनं त्याला हुंगलं, फुरफुरली, क्षणभर तोंड फिरवलं. मग पुन्हा मान वळवून ती चाटू लागली. बघता बघता सडांतून थेंब गळायला लागले.

पूर्णिमानं पदर छातीशी घट्ट ओढून घेतला.

"भुलली न्हाई ती, मामंजी. पेंढा हाय ते तिला पहिल्याच दिवशी वासावरनं कळलंय. पर आलेलं दूध तिनं कुठं न्यायाचं?"

दूध शेणामातीत गळत होतं. कासंडी खाली लावायचं आकारामला सुचलं नाही. त्यानं खिशातला फोन काढून तिच्या हातात दिला. मग तिथंच गोणपाटावर बसला आणि शेजारची जागा हातानं झाडली. ती बसेपर्यंत तो थांबला.

"मूठ कशी हुती गं तिची?" त्यानं विचारलं.