परक्या हातची गाठ

पिशवीची गाठ बघून त्याचा हात हवेतच थांबला.

पिशवी त्याच्याच घरची होती. गेटच्या डाव्या खांबाला टेकवलेली, काळी, रोजच्या जागी. पण गाठ बायकोची नव्हती. तिची गाठ तो शंभरात ओळखायचा. आधी हवा काढायची, तोंडाला पीळ द्यायचा, मग एकच आवळ गाठ, उचलणाऱ्याच्या बोटांत नीट बसेल अशी. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात त्यानेच शिकवली होती. तेव्हा ती म्हणाली होती, लोक बायकोला सिनेमाला नेतात, आमचे हे कचरा बांधायला शिकवतात.

आज पिशवीच्या तोंडाशी दोन ढिले फासे लोंबत होते.

साथ आल्यापासून चार महिने तो घरी गेला नव्हता. कचऱ्याच्या गाडीवरच्या माणसांनी डेपोतच राहायचं, रोग घरी न्यायचा नाही, असं ठरलं होतं. अकरा जण, एक खोली, एक पंखा, आणि घोरण्यात पहिला नंबर ड्रायव्हरमामांचा. पण त्याची गल्ली गाडीच्या वाटेवर होती. त्यामुळे रोज सकाळी तो आपल्याच घरचा कचरा उचलायचा. पिशवी उघडायला बंदी होती, तरी हाताला वजन कळायचं. जड असली की घरात काहीतरी रांधलंय. हलकी असली की नुसत्या चहावर भागवलंय. फोनवर बायको रोज एकच सांगायची, सगळं ठीक आहे. फोनवर काय, कोणीही काहीही सांगतं. पिशवी खोटं बोलत नाही.

आणि गाठ तर नाहीच नाही. याच गल्लीत त्याने तीनदा पाहिलं होतं. घरची गाठ बदलली म्हणजे रोज बांधणारी बाई अंथरुणाला लागली. तीन-चार दिवसांत काळीच्या जागी पिवळी पिशवी येते, आजारी घराची. कोपऱ्यावरच्या शिंपीणबाईंचं असंच झालं. आता तिथे पिशवीच येत नाही.

काल फोनवर बायकोचा आवाज बसलेला होता. त्याने विचारलं तर तिने विषय बदलला होता.

त्याने वर पाहिलं. तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीचा पडदा ओढलेला. एरवी गाडीचा आवाज आला की ती तिथे उभी असायची.

मागून मामांनी हॉर्न दिला. त्याने फाशात बोटं घालून पिशवी उचलली, आणि उचलता उचलता गाठ सुटली. कांद्याची सालं, चहाचा चोथा, अंड्यांची टरफलं, सगळं रस्त्यावर. तो गुडघ्यावर बसून औषधाची पाकिटं शोधायला लागला. एकही नव्हतं. सगळ्यात खाली बुटांची जोडी होती. लहान, निळी, चिकटपट्टीची. उजव्या बुटाला अंगठ्याने आतून भोक पाडलेलं.

बुटकीचे, त्याच्या लेकीचे बूट. तिला लेस बांधता येत नव्हती म्हणून त्यानेच असले घेतले होते. लेस मी शिकवीन, असं कबूल केलं होतं. तेव्हा ते तिला दोन बोटं मोठे होत होते.

वर पडदा सरकला.

"बाबा, गाठ ओळखली का? मी बांधली. बुटांची गाठ आहे ती."

बुटकी स्टुलावर चढून गजाला चिकटली होती. मागून तिला धरून बायको उभी होती. धडधाकट. तिने घोगऱ्या आवाजात खाली सांगितलं की पोरीने डोकं खाल्लंय, बाबाला पिशवी मीच पाठवणार म्हणून, आणि दोन दिवस लेस शिकवून शिकवून घसा गेलाय. ओळखू येते का बघायचं होतं, म्हणून पडद्याआड लपल्या होत्या दोघी.

"ओळखली का, बाबा?"

"लगेच," तो म्हणाला.

मास्कच्या वर त्याचे फक्त डोळे दिसत होते, पण बायकोला तेवढे पुरले.

त्याने कचरा भरला. बूट हातात घेतले. पूर्वी असली वस्तू डेपोत कचरा निवडायच्या पट्ट्यावर जायची, कोणी ना कोणी बाजूला काढायचं. आता पट्टा बंद होता. कशालाच हात लावायचा नाही, सगळं सरसकट भट्टीत. त्याने बूट पिशवीत टाकले आणि तोंड बांधायला घेतलं. आधी एक फासा, मग दुसरा. जाड हातमोज्यांत तीनदा चुकलं.

मामा वैतागून खाली उतरले होते. त्यांचे हात कमरेवर.

"अरे लेका, पोतं बांधतो तसं बांध की. ही टिकायची नाही."

"वळणापर्यंत टिकली तरी चालेल, मामा."

मामांनी वर खिडकीकडे पाहिलं, आणि गपचूप जाऊन गाडीत बसले.

त्याने पिशवी गाठीला धरून उचलली नाही. खालून दोन्ही हात घालून नेली आणि मागे, सगळ्या ढिगाच्या वर ठेवली. दर थांब्याला खटका ओढायचा असतो, मग लोखंडी फळी खाली येते आणि सगळं चिरडून आत ढकलते. त्याने खटका ओढला नाही. मागच्या पायरीवर चढून दांडी धरली.

गाडी हलली. बुटकी हात हलवत होती. पिशवीचे दोन कान वाऱ्यावर उडत होते.

वळण गेलं. मामांनी दोनदा हॉर्न दिला, म्हणजे कचरा दाब आता. त्याने खटक्यावर हात ठेवला. पुढची गल्ली संपली तरी हात नुसता ठेवलेलाच होता.