अंगठीतली काच

आईच्या अंगठीतला चमचमता खडा नुसती काच आहे, हे ती गेल्यावर महिन्याभराने मुलीला सोनाराकडून कळलं. अंगठी घेऊन ती तडक बापाच्या खडे घडवायच्या कारखान्यात आली.

“बाबा, जन्मभर खडे पारखलेत आणि घरातली काच दिसली नाही?”

“तिने अंगठी घातली त्या पहिल्याच दिवशी दिसली.”

“मग आता तरी अस्सल खडा बसवा. लोक हसतील मला.”

“हसू देत. काच निघणार नाही.” त्याने अस्सल खडा अंगठीशेजारी ठेवला. “बघ, दगड मंद आहे. काचच जास्त चमकते.”

“असं कोण म्हणतं?”

“तुझी आई. तीस वर्षं याच टेबलापाशी यावरूनच भांडली माझ्याशी.”

तिचंच बरोबर होतं, हे तिला सांगायचं तेवढं राहून गेलं.