स्वीकृत सदस्याची हरकत

"विषय क्रमांक सात. तलावाच्या काठाने भिंत आणि तिच्यावर चालायला ट्रॅक. मंजूर?"

"मंजूर, मंजूर," नगरसेवक सवयीने म्हणाले. विषयपत्रिका कुणी उघडलीसुद्धा नव्हती. चहा आला होता.

"हरकत आहे," शेवटच्या खुर्चीवर ठेवलेल्या स्पीकरमधून आवाज आला.

नगराध्यक्षा प्रमिलाताई रेडेकर वैतागल्या. नव्या कायद्याने तलावाला स्वीकृत सदस्य करून चारच महिने झाले होते. पाण्यातली शेकडो यंत्रं पातळी, गाळ, ओढ मोजत आणि त्यावरून तलाव बोलत असे. पण सभेची रीत काही त्याला अजून कळली नव्हती.

"अहो, मागच्या पावसात माझ्या वॉर्डात घराघरांत कमरेइतके शिरलात तुम्ही," नगरसेविका नसीम मुजावर म्हणाल्या. "भिंत नको, तर मग करू काय?"

"भिंत घातलीत तर मी पलीकडच्या कुंभारवाड्यात शिरेन. मला कुठेतरी जावंच लागतं, ताई. जादा पाणी वाहून नेणारा माझा जुना सांडवा मोकळा करा."

"तो आहे कुठे?"

"या इमारतीच्या पार्किंगखाली. याच सभागृहाने ठराव करून बुजवला. तेव्हाही सगळे मंजूर म्हणाले होते."

चहा तसाच निवत राहिला. सांडवा मोकळा करण्याच्या बाजूने नसीमताईंनी पहिला हात वर केला, मग कुंभारवाड्याच्या नगरसेवकाने, मग एकेक करत सगळ्यांनी.

प्रमिलाताईंनी पर्समधून किल्ली काढून शिपायाच्या हातात दिली.

"सोनावणे, माझी गाडी बाहेर रस्त्यावर लावा. उद्या तिथे खोदायचंय."