डोहाचं पाणी

पटकीची साथ आली तशी सरकारी माणसं कोरीट गावच्या विहिरीत लाल दवा टाकून गेली. झुलाल आप्पा पारावरून गरजला, "दवा नही, इख शे! सायब सारा गावले मारी टाकी!" गोजराबाईने त्याचं ऐकलं. लेकीला नदीच्या डोहाचं पाणी पाजलं आणि तिसऱ्या दिवशी तिला मूठमाती दिली.

दोन वर्षांनी पुन्हा साथ आली, पुन्हा दवा पडली. या खेपेला सगळं गाव मुकाट्यानं विहिरीचं पाणी प्यायलं. आप्पा मात्र तिकडे फिरकेना.

"तुमनाकरता डोहनं पानी मी आनसू, आप्पा," गोजराबाई म्हणाली. दारातली विहीर ओलांडून ती रोज त्याच डोहावर जाई आणि भरला हंडा त्याच्या ओट्यावर ठेवी.

पाचव्या दिवशी आप्पा गेला. त्या साथीत गावातला तो एकटाच. सरकारनेच त्याचा काटा काढला, असं जो तो कुजबुजू लागला. पोलीस पाटलाने गोजराबाईला बोलावून दरडावलं, "खरं सांग, हंडामा काय टाकं व्हतं?"



"मन्ही पोरनी शपथ, दादा. काहीच टाकं नही."