चपला काढायची जागा

आई चपला हातात धरून फरशीवर उभी होती. पुढं पाऊल टाकत नव्हती.

"आत ये ना," शर्वाणी म्हणाली.

"आत आले की अजून बाहेरच आहे, तेच कळेना मला. चपला कुठं ठेवायच्या गं?"

शर्वाणीला हसू आलं. आर्किटेक्ट म्हणून तिनं लोकांची बरीच घरं बांधली होती, पण गुहागरचं हे घर बाबांच्या मागं एकट्या राहिलेल्या आईसाठी होतं. समोर भिंतच नव्हती. अंगणातली फरशी सरळ हॉलमध्ये गेली होती आणि सोनचाफ्याची सावली सोफ्यापर्यंत येत होती. आत-बाहेर वेगळं कळूच नये, हीच तर तिची हौस.

मग तिला जुन्या घराची पायरी आठवली. शाळेतून आल्यावर ती आधी तिथल्या चपला बघायची. बाबा बोटीवर नोकरीला, वर्षातून एकदाच घरी यायचे. पायरीच्या डाव्या कोपऱ्यात त्यांच्या जाड कोल्हापुरी दिसल्या, की दप्तर तिथंच टाकून ती आत धूम ठोकायची.

दुसऱ्या दिवशी तिनं गवंड्याला बोलावलं. अंगणातली फरशी उखडून अंगण वीतभर खाली घेतलं आणि मधे जांभ्याची पायरी बसवली.

वास्तुशांतीला आई सगळ्यांच्या आधी आली. डावा कोपरा सोडून तिनं चपला पायरीवर नीट ठेवल्या आणि आत गेली.

मागून पाहुणे येऊ लागले. शर्वाणी पायरीपाशीच उभी राहून प्रत्येकाला सांगत होती, "जरा उजवीकडं काढा हं."